समोरच्याचं ॲसेट-लायबिलिटी ॲफिडेव्हिट कसं तपासायचं

पोटगीचा विषय आला की नवरा-बायको दोघांनाही कमाई, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं, त्याचा नमुना सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दिलाय. समोरच्याचं ॲफिडेव्हिट हातात आलं की आपण आधी पगाराचा आकडा बघतो आणि तिथेच डोकं फिरतं. तो आकडा राहू दे, आधी सगळ्या खात्यांची शेवटच्या ३ वर्षांची बँक स्टेटमेंटं जोडलीत का बघा, ती नमुन्यातच मागितलीयेत. नसतील तर वकिलांना लगेच सांगा.

मग हायलायटर घेऊन एकेक ओळ वाचा, कंटाळा येतो पण लपवलेलं बहुतेक इथेच सापडतं. ईएमआय जातोय आणि कर्जाच्या रकान्यात काहीच नाही, मग हे कर्ज कशाचं? एलआयसीचा हप्ता, एसआयपी, लॉकरचं भाडं जे जे दिसेल ते मालमत्तेच्या यादीत आहे का पडताळा. केस टाकायच्या आधीचे काही महिने तर दोनदा वाचा, एफडी मोडून पैसे आईच्या नाहीतर भावाच्या खात्यात गेलेत का, कारण भावाला पैसे देणं गुन्हा नाही पण ते का दिले हे कोर्टात विचारता येतं.

२६एएस, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा इन्कम टॅक्सकडचा हिशेब, बघायला मिळालं तर सोडू नका. एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला की त्या बँकेचं नाव तिथे येतं, आणि ती बँक ॲफिडेव्हिटमध्ये नसेल तर तुम्हाला पक्का मुद्दा मिळाला. एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, शेअर आणि म्युच्युअल फंडाचे व्यवहारही दिसतात. हे दोन्ही समोरच्याच्याच लॉगिनमधून निघतात, त्यामुळे ते हजर करायला लावा असा अर्ज कोर्टात द्यायचा, पासवर्ड शोधून स्वतः आत शिरायचं नाही, प्लीज.

पगार बघताना हातात येणारा नाही तर ग्रॉस बघा, फॉर्म १६ शी जुळवा, कारण पीएफ मुद्दाम वाढवला की हातातला पगार कमी दिसतो. आयटीआर लग्नाच्या आधीच्या वर्षाचा, वेगळं राहायच्या आधीच्या वर्षाचा आणि अर्जाच्या वेळचा मागितलेला असतो, तिन्ही शेजारी ठेवा, कमाई नेमकी कधी घसरली ते कळतं. धंदेवाल्यांचं तर उलटं वाचा, आधी वर्षाचा खर्च मोजा, उत्पन्न ४ लाख आणि फी-हप्ते मिळून ७ लाख असतील तर वरचे ३ कुठून आले?

गावची जमीन असेल तर सातबारा ऑनलाइन नावाने शोधता येतो, फ्लॅटसाठी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा.

सापडलेलं सगळं तारीख, रक्कम, पान नंबर टाकून एका तक्त्यात उतरवा. "खोटं बोलतोय" असं मोघम लिहून काही होत नाही, तक्ता जोडला की समोरच्याला लेखी प्रश्नावली द्यायची आणि कागद हजर करायला लावायची परवानगी मागता येते. मुद्दाम खोटं लिहिलेलं असेल तर खोट्या शपथेबद्दल कारवाई करा असा अर्ज कोर्टात देता येतो, त्यासाठी जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३४० होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ३७९. पण तो अर्ज द्यायच्या आधी स्वतःचं ॲफिडेव्हिट याच पद्धतीने तपासा, माहेरून आलेलं सोनं, स्वतःची एफडी, पार्टटाइम कमाई सगळं लिहिलंय ना, कारण समोरचे वकील तुमचं स्टेटमेंट असंच वाचणार आहेत.