आपल्या व्यायाम मंडळाचा इतिहास कसा लिहायचा

सगळ्यात आधी कपाटातले जुने कप खाली काढा. पितळी कप काळे पडलेले असतात, त्यांना चिंच लावून हलक्या हाताने पुसलं की बुडाशी कोरलेलं साल आणि स्पर्धेचं नाव दिसायला लागतं, तिथूनच सुरुवात करायची. मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणीची फाईल बघा, ट्रस्ट नोंदलेला असेल तर जुने विश्वस्त, मंडळाची घटना म्हणजे नियमावली, जागेची माहिती तिथे मिळते. पण नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नाही हं! कित्येक तालमी आधी सुरू झाल्या आणि कागद नंतर झाले.

म्हातारे खेळाडू आहेत तोवर त्यांना भेटा, फोटो सोबत न्या, 'हा कोण?' विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

गावातलं मंडळ म्हणून कमी लेखू नका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी काढलेलं, आणि १९३६ ला मंडळाचीच पोरं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळ दाखवून आली. नोंदी जपल्या म्हणून हे आज सांगता येतं. फोटोमागे नावं लिहायची ती पेन्सिलनेच, शाई पुढे उमटते.