सीडीआरच्या 28 ओळी: सामूहिक पाळत समजावणारी इंटरअ‍ॅक्टिव्ह गोष्ट कशी बांधायची

सामूहिक पाळत, म्हणजे सगळ्यांवरच ठेवलेली पाळत, या विषयावरच्या बहुतेक इंटरअ‍ॅक्टिव्ह गोष्टी पहिल्याच स्क्रीनवर फसतात, कारण खेळणाऱ्याला त्या पीडिताच्या जागी बसवतात. तुमच्यावर कॅमेरा आहे, तुमचा फोन ऐकला जातोय, वगैरे. मग माणूस घाबरतो, नाहीतर ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय’ म्हणून सोडून देतो. त्यापेक्षा त्याला पाळत ठेवणाऱ्याच्या खुर्चीत बसवा आणि संभाषणाचा एकही शब्द ऐकू देऊ नका. त्याच्या हातात फक्त सीडीआर द्या.

सीडीआर म्हणजे कॉलची नोंद: कोणी कोणाला लावला, तारीख, वेळ, किती सेकंद, कॉल सुरू होताना आणि संपताना फोन कोणत्या टॉवरवर होता, हँडसेटचा 15 आकडी ओळख क्रमांक (आयएमईआय). बोलणं त्यात नसतं. ही नोंद संशयितांचीच नाही, सगळ्यांची ठेवली जाते. भारतात मोबाइल कंपन्यांना ती पूर्वी किमान एक वर्ष ठेवावी लागे, डिसेंबर 2021 पासून दोन वर्षं. सामूहिक पाळतीचं मूळ इथे आहे, त्यामुळे गोष्टही इथूनच सुरू करा.

आधी कागदावर डेटा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका काल्पनिक माणसाच्या सात दिवसांच्या 28 ओळी लिहा, दिवसाला चार. पन्नासच्या पुढे गेलात तर मोबाइलवर कुणी वाचत नाही. पंधरात नमुना दिसत नाही. माणूस असा निवडा की त्याचं रोजचं कामच संशयास्पद दिसेल. पिग्मी एजंट यासाठी फार कामाचा. बार्शीतली चव्वेचाळीस वर्षांची बाई, पतपेढीची रोजची वसुली करते. दिवसभर वेगवेगळ्या दुकानदारांना पंधरा-वीस सेकंदांचे कॉल, दर तासाला वेगळा टॉवर. यादी अशी दिसेल:

सोम 09:12, आउटगोइंग, क्र. 07, 18 सेकंद, टॉवर स्टँड
सोम 09:15, आउटगोइंग, क्र. 11, 22 सेकंद, टॉवर स्टँड
बुध 11:40, इनकमिंग, क्र. 31, 4 मि. 6 से., टॉवर हॉस्पिटल
बुध 11:46, आउटगोइंग, क्र. 02, 12 मि. 50 से., टॉवर हॉस्पिटल
बुध 23:38, आउटगोइंग, क्र. 02, 41 मि. 10 से., टॉवर घर

बुधवारच्या तीन ओळी वाचून जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, घरात कुणाला तरी मोठा आजार निघालाय. प्रत्यक्षात 31 हा हॉस्पिटलसमोरचा चहावाला, त्याच्या खात्याची मुदत भरलीय. 02 ही लातूरची बहीण, विषय मुलीच्या हॉस्टेलचा. महत्त्वाच्या प्रत्येक ओळीला असे किमान तीन अर्थ लागले पाहिजेत, आणि खरा अर्थ सगळ्यांत साधा असावा. टॉवर म्हणजे पत्ता नव्हे, हे खेळणाऱ्याला इथेच कळतं. शहरात एका टॉवरची हद्द काही शे मीटर, खेड्यात काही किलोमीटर. जवळच्या टॉवरवर गर्दी झाली तर फोन पलीकडचा पकडतो.

दहा आकडी नंबर मनाने रचू नका. तो कुणाचा तरी असू शकतो, आणि वर्गातलं एखादं पोरगं तो लावून बघतंच. ‘क्र. 07’ पुरे. खरा सीडीआर तर, नावं खोडूनसुद्धा, वापरू नका: वेळा आणि टॉवर यांवरून माणूस ओळखू येतो. बाईंचं नाव शेवटच्या स्क्रीनपर्यंत झाकून ठेवा. आडनाव दिसलं की लोक ओळी वाचायचं सोडून आडनाव वाचतात.

ट्वाइनमध्ये जुळणी

ट्वाइन हे अशा गोष्टी बांधायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ख्रिस क्लिमसने 2009 मध्ये काढलं, आणि ते पूर्ण गोष्टीची एकच वेबफाइल करून देतं. त्यातला गोष्ट चालवणारा हार्लो हा फॉरमॅट घ्या. 22 ते 25 पॅसेज, म्हणजे गोष्टीचे स्क्रीन, पुरतात. पॅसेजची नावं मराठीत चालतात, लिंक अशी:

[[बुधवारची नोंद उघडा->बुधवार]]

व्हेरिएबलची (खेळणाऱ्याची उत्तरं साठवायच्या खणांची) नावं मात्र रोमन अक्षरांतच ठेवा; जोडाक्षरांवर गाडी अडते.

‘आता काय कराल?’ असा प्रश्न विचारू नका. ‘यावरून काय निष्कर्ष काढाल?’ असा विचारा. रोज तीन पर्याय: आजार, बाहेरचं प्रकरण, पैशांची हलवाहलव. चौथा ‘सांगता येत नाही’. तो पहिल्या दिवशी चालू द्या. दुसऱ्या दिवशी तो निवडला की फाइल परत येते, ‘साहेबांना पाचच्या आत अहवाल हवाय’ अशा चिठ्ठीसकट. तिसऱ्या दिवसापासून तो पर्यायच काढून टाका. फांद्या वाढवू नका. कोणताही निष्कर्ष काढला तरी पुढच्याच दिवसावर आणून सोडा, फक्त उत्तर साठवा. दर वळणावर खरी वेगळी गोष्ट लिहायला गेलात तर सातव्या दिवशी हजारो पॅसेजांवर पोहोचाल.

मध्ये एकदा ‘बोलणं ऐका’ असं बटण ठेवा. ते दाबलं की उत्तर येऊ दे: यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो, मुदत 60 दिवस, वाढवून जास्तीत जास्त 180. सीडीआरला तो आदेश लागत नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलिसांची लेखी मागणी पुरते. कायद्याचं व्याख्यान टाळा, हा फरक बटणातून कळू दे.

वर्तुळं

पाचव्या दिवशी खेळणाऱ्याला ‘संपर्कांचे संपर्क’ उघडू द्या. माणशी 40 संपर्क धरा: 40 जणांचे प्रत्येकी 40 म्हणजे 1,600. अजून एक टप्पा, 64,000. बार्शीची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 1 लाख 18 हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव. खाली प्रामाणिकपणे लिहा की लहान गावात संपर्क एकमेकांत मिसळतात, म्हणून खरा आकडा कमी भरेल. उलट गॅस एजन्सीसारखा एक नंबर मध्ये आला की तो फुगतो. हा हिशेब कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने सगळ्या कॉलच्या नोंदी रोज एनएसए या गुप्तचर संस्थेला द्याव्यात, असा न्यायालयीन आदेश जून 2013 मध्ये, तिथे काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून उघड झाला. तिथे एका नंबरापासून तीन टप्प्यांपर्यंत जाता येत होतं. जानेवारी 2014 मध्ये ते दोनवर आणलं गेलं.

उलटा आरसा

शेवटी दोन स्क्रीन लागतात. पहिल्यावर डावीकडे खेळणाऱ्याचा अहवाल, उजवीकडे बाईंचा खरा आठवडा. दुसऱ्यावर खेळणाऱ्याची स्वतःची नोंद: कोणत्या दिवसाची नोंद किती सेकंद पाहिली, ‘बोलणं ऐका’ किती वेळा दाबलं. हार्लोमध्ये ‘टाइम’ (time) हा शब्द त्या पॅसेजवर आल्यापासूनचे मिलिसेकंद देतो, म्हणून हजारने भागा. दुहेरी कंसाच्या साध्या लिंकने हे जमत नाही. ‘लिंक’ (link:) हा मॅक्रो, म्हणजे हार्लोची तयार आज्ञा, घ्या; त्याच्या पोटात आधी साठवणारा ‘सेट’ (set:), मग पुढे नेणारा ‘गो-टू’ (go-to:). क्रम उलटला तर ‘सेट’ चालतच नाही आणि सगळीकडे शून्य दिसतं. मागे जाण्याचा बाण स्टाइलशीटमधून (गोष्टीचं दिसणं ठरवणाऱ्या भागातून) लपवा, कारण मागे गेलं की व्हेरिएबलही मागे जातात आणि नोंद पुसली जाते.

ही नोंद फोनबाहेर जाता कामा नये. भेटी मोजणारी स्क्रिप्ट नको, लोकेशनची परवानगी नको, बाहेरच्या सर्व्हरवरून येणारा फॉन्टसुद्धा नको. त्या फॉन्टच्या मागणीसोबत खेळणाऱ्याचा आयपी पत्ता तिसऱ्याकडे जातो. फोनमधला देवनागरी फॉन्ट चांगला असतो. गोष्ट नेटशिवाय चालते का हे पाहायचं तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळा.

ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरत असाल तर काम ब्राउझरच्याच साठ्यात राहतं; ब्राउझरचा साइट-डेटा साफ केला की गोष्टही गेली. रोज काम संपवून उठताना फाइल उतरवून ठेवा.

गटात खेळवताना एका फोनवर दोघांना बसवा, वेळ वीस मिनिटं. एकटा माणूस पटापट क्लिक करतो. दोघं असली की ‘अगं, पण ती तिथे कामाला जात असेल ना’ असा वाद होतो, आणि तोच आपल्याला हवाय. फोन कमी असतील तर 28 ओळी 28 कार्डांवर छापा, दिवसाचं एक पाकीट, खऱ्या अर्थांचं आठवं पाकीट चिकटवून बंद. ते सगळ्यांचे अहवाल लेखी जमा झाल्यावरच फोडा. नाहीतर प्रत्येक जण सांगतो की मला आधीच कळलं होतं.