उल्कापाताच्या चित्रपटाचे परीक्षण कसे लिहावे

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावच्या वाचनालयाने नववी-दहावीच्या मुलांकडून विज्ञानकल्पनेवरील आपत्तिपटाचे परीक्षण लिहून घ्यायचे ठरवले, तर पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या लघुग्रहाची गोष्ट सांगणारा १९९८ सालचा हॉलिवूडचा ‘आर्मागेडन’ निवडावा. बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडलेला हा चित्रपट त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणारा ठरला, त्यामुळे कोणाच्याही मतामागे निमूट जाण्याची सोय त्यात उरत नाही. जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी आधी घ्यावी, आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नये. मुले येणार नाहीत.

चित्रपटापूर्वी मुलांना लोणारच्या काठावर उभे करावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसाल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीचे असावे, असे पूर्वी मानले जाई. परंतु प्रचंड आघाताच्या दाबाखाली तयार होणारे मास्केलिनाइट हे काचेसारखे द्रव्य तेथे सापडल्याने ते आकाशातून आदळलेल्या वस्तूमुळेच झाले, हे मान्य झाले. आदळणारी वस्तू विवरापेक्षा कितीतरी लहान असते, ही गोष्ट तेथेच सांगावी, म्हणजे पडद्यावरील आकडे पोकळ वाटणार नाहीत.

आता त्या आकड्यांकडे पाहावे. चित्रपटातील लघुग्रह टेक्सास राज्याएवढा आहे आणि तो आदळण्याच्या केवळ १८ दिवस आधी लक्षात येतो. लघुग्रहांच्या पट्ट्यातील सर्वांत मोठा सेरेस सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा आहे आणि तो १८०१ सालीच, तेव्हाच्या दुर्बिणीतून सापडला होता. मग त्याहून मोठा गोळा विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वांच्या नजरेतून कसा सुटला, हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे. मात्र चुकांची यादी म्हणजे परीक्षण नव्हे. अशक्य गोष्ट एकदा मान्य केल्यावर चित्रपट स्वतःचे नियम पाळतो का, आणि लघुग्रहात खोल भोक पाडून अणुबॉम्ब ठेवण्यासाठी तेल-विहिरी खोदणाऱ्या माणसांना अंतराळात पाठवण्याची कल्पना त्याने आपल्याला पटवली का, हे लिहिणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे.

तुलनेसाठी त्याच वर्षीचा, मिमी लेडर दिग्दर्शित ‘डीप इम्पॅक्ट’ घ्यावा. त्यातील धूमकेतू सुमारे ११ किलोमीटरचा आहे आणि तयारीला वर्षाहून अधिक काळ मिळतो. विज्ञान तेथे पुष्कळ सांभाळले आहे. पण गती मंद आहे आणि काही प्रसंग रेंगाळतात, असे माझे मत आहे. मुलांनी ते खोडून काढले तरी चालेल, फक्त प्रसंग दाखवून खोडावे.

इतरांची समीक्षा स्वतःचा पहिला मसुदा झाल्यानंतरच वाचावी. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी ‘आर्मागेडन’ला एकच तारा देऊन त्याला दीडशे मिनिटांचा ट्रेलर ठरवले होते. हा आक्षेप तपासता येतो: कोणताही पाच मिनिटांचा तुकडा निवडून दृश्य बदलले की वहीत एक रेघ ओढावी, आणि इतक्या घाईत एखाद्या पात्राचा चेहरा मनात ठसतो का ते लिहावे. उलट बाजूही नोंदवावी. ध्वनी, दृश्यपरिणाम आणि गीत यांसाठी त्याला ऑस्करची नामांकने मिळाली, तर नायक ब्रूस विलिस यांना त्या वर्षीच्या भूमिकांसाठी सर्वांत वाईट अभिनेत्याचा रॅझी हा थट्टेचा पुरस्कार मिळाला. संकेतस्थळांवरील टक्केवारी उतरवून घेऊ नये, कारण किती समीक्षकांना चित्रपट आवडला एवढेच ती सांगते. किती आवडला आणि का, हे त्यात नसते.

परीक्षणात जागा उरली, तर २६ सप्टेंबर २०२२ च्या डार्ट मोहिमेचा उल्लेख करावा. नासाचे यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या, सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि डिमॉर्फोसचा परिभ्रमणकाळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. अणुबॉम्ब नाही, खोदकाम नाही. या शांत, हिशेबी धडकेवर प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतील असा चित्रपट निघू शकेल का, यावर प्रत्येकाने एक परिच्छेद लिहावा आणि तो वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवावा.