सीपीसी पास झाल्यानंतरचा हिशेब

सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) या मेडिकल कोडिंगच्या परीक्षेच्या तयारीला लागलेली मुलं-मुली मला सगळ्यात आधी परीक्षेची फी विचारतात. क्लासची फी, पुस्तकांची किंमत, हेही विचारतात. पास झाल्यावर दरवर्षी काय लागतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर परीक्षेचा खर्च एकदाच होतो आणि सर्टिफिकेट टिकवण्याचा खर्च तुम्ही या क्षेत्रात असेपर्यंत चालू राहतो. मी बी.फार्म. करून पुण्यात कोडिंगला, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून आजार आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देण्याच्या कामाला लागले, तेव्हापासून हा हिशेब दरवर्षी मांडत आले आहे.

टिकवायला दोन गोष्टी लागतात. एक, परीक्षा घेणाऱ्या एएपीसी या अमेरिकन संस्थेचं सभासदत्व चालू ठेवणं. दुसरी, दर दोन वर्षांत ३६ सीईयू (पुढे चालू ठेवलेल्या शिक्षणाचे गुण) मिळवणं. साधारण एका तासाच्या शिक्षणाला एक सीईयू, म्हणजे महिन्याला दीड तास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाइट शिफ्ट, प्रॉडक्शनचं टार्गेट आणि घर सांभाळून हा दीड तास काढायचा असतो. बहुतेक जण तो काढत नाहीत आणि मग मुदत संपायच्या महिन्यात पैसे मोजून मिळतील ते वेबिनार घेतात. खिशाला खरी चाट बसते ती इथे. वेळेवर सुरुवात केली तर बरेच सीईयू फुकटात किंवा अगदी कमी पैशांत होतात: आपल्या शहरातल्या स्थानिक शाखेच्या सभा, कंपनीने ठेवलेली मान्यताप्राप्त सत्रं, मोफत वेबिनार. प्रत्येकाचं प्रमाणपत्र लगेच एका फोल्डरमध्ये ठेवा. पडताळणीत नाव आलं तर पुरावा मागतात.

नव्या माणसाने आणखी एक लक्षात ठेवावं. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, म्हणजे अप्रेंटिस. हा 'ए' काढायला दोन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो, किंवा एक वर्षाचं काम आणि ८० तासांचं कोडिंगचं शिक्षण. पहिल्या वर्षीच 'पगार कमी आहे, पुढच्या वर्षी बघू' म्हणून सभासदत्व सोडणारे मी पाहिले आहेत. माझ्या मते सोडायची सगळ्यात वाईट वेळ हीच. परीक्षेवर घातलेला पैसा अजून परत यायचा असतो, 'ए' निघालेला नसतो, आणि पहिली नोकरी बदलताना एचआर सभासद क्रमांक टाकून सर्टिफिकेट चालू आहे का ते ऑनलाइन तपासतं. क्लायंटच्या करारात सर्टिफाइड कोडरची अट असेल तर लॅप्स झालेल्या सर्टिफिकेटवर त्या प्रोजेक्टला घेत नाहीत.

आता मोबदल्याबद्दल. सर्टिफिकेटमुळे पगार किती वाढतो हे कंपनी, स्पेशालिटी आणि तुमची क्वालिटी यावर ठरतं, म्हणून मी कुणाला आकडा सांगत नाही. मला फायदा जाणवला तो नियम बदलले तेव्हा. आपण अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट कोड करतो आणि तिथलं काहीच वर्षभर स्थिर राहत नाही. आयसीडी-१० सीएमचे, म्हणजे आजारांच्या कोडचे, मुख्य बदल १ ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे, म्हणजे उपचार आणि सेवांच्या कोडचे, १ जानेवारीला. कोविडचा यू०७.१ हा कोड तर १ एप्रिल २०२० ला, वर्षाच्या मध्येच आला.

त्याहून मोठा धक्का होता ईएमचा, म्हणजे डॉक्टरांनी रुग्ण तपासण्याच्या भेटींच्या कोडचा. २०२१ पासून ऑफिस व्हिजिटची लेव्हल (भेटीचा कोणता कोड लागेल ती पातळी) हिस्टरी आणि एक्झामचे मुद्दे मोजून ठरेनाशी झाली. ती एमडीएमवर (डॉक्टरांचा वैद्यकीय निर्णय किती गुंतागुंतीचा होता यावर) किंवा त्या दिवसाच्या एकूण वेळेवर ठरू लागली आणि ९९२०१ हा कोडच काढून टाकला गेला. २०२३ मध्ये हॉस्पिटलच्या व्हिजिटलाही जवळपास हीच पद्धत आली, ऑब्झर्व्हेशनचे (नुसतं निरीक्षणाखाली ठेवलेल्या रुग्णांचे) वेगळे कोड इनपेशंटच्या (भरती रुग्णांच्या) कोडमध्ये विलीन झाले. ईडीला (इमर्जन्सी विभागाला) मात्र वेळेवर लेव्हल देता येत नाही, तिथे एमडीएमच. हा फरक ज्यांनी सीईयूच्या तासांत नीट समजून घेतला होता, त्यांचे जानेवारीतले ऑडिट सुरळीत गेले. बाकीचे ऑडिटमध्ये निघालेल्या प्रत्येक एररचं रिबटल (प्रतिवाद) लिहीत बसले. म्हणून माझा आग्रह असतो की सीईयू घेताना स्वस्त काय यापेक्षा आपल्या प्रोजेक्टला लागतं काय ते बघा. रेडिओलॉजी करणाऱ्याने ॲनेस्थेशियाचे तास भरले तर ३६ पूर्ण होतील, पण हाती काही लागणार नाही.

दुसरं सर्टिफिकेट घ्यावं का, हा प्रश्नही येतोच. एएपीसीची दोन असली की दोन वर्षांत ४८ सीईयू लागतात, तीन असली की ६०. एचसीसीच्या (आजारांवरून रुग्णाच्या खर्चाची जोखीम ठरवण्याच्या) कामावर असाल किंवा तिकडे जायचं नक्की असेल तर त्या कामाचं सीआरसी हे सर्टिफिकेट जरूर घ्या. इनपेशंटवर असाल तर एएपीसीचंच सीआयसी, किंवा अहिमाचं सीसीएस. अहिमा ही संस्थाच वेगळी, तिची फी वेगळी आणि तिचे सीईयूही वेगळे भरावे लागतात, हे धरून चला. नुसतं नावापुढे अक्षरं वाढवायला घेतलेलं सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी पैसे आणि रविवार दोन्ही खातं.

कंपनी नूतनीकरणाचे पैसे देते का, हे ऑफर लेटर घेतानाच विचारा. देत असेल तर पुढचं विचारा: बिल दाखवल्यावर देते की आधी, त्यासाठी बॉण्ड आहे का, आणि मध्येच नोकरी सोडली तर रक्कम कापून घेते का. तोंडी 'हो, हो, मिळतं' यावर थांबू नका, मेलवर घ्या. स्वतः भरणार असाल तर दरमहा थोडी रक्कम बाजूला काढत जा, म्हणजे नूतनीकरणाच्या महिन्यात पदरमोड होत नाही.

कोडिंग सोडून ट्रान्झिशन (नवं प्रोजेक्ट क्लायंटकडून घेऊन सुरू करण्याचं काम), ट्रेनिंग किंवा मॅनेजमेंटकडे गेलेले सर्टिफिकेट चालू ठेवावं का असं विचारतात. ट्रेनर आणि ऑडिटरने ठेवावंच, कारण त्यांच्या शब्दावर दुसऱ्यांचे चार्ट ठरतात. क्षेत्रच कायमचं सोडणार असाल तर सोडून द्या, त्यात गैर काही नाही. पण बाळंतपण, आजारपण किंवा वर्षभराच्या ब्रेकसाठी सोडू नका. परत येताना मुलाखतीत चालू सर्टिफिकेट दाखवता येतं, आणि ब्रेकमध्ये केलेले सीईयू हे तुम्ही विषयाशी संपर्क ठेवल्याचं पुराव्यासह सांगतात.