जुन्या संगणकाचे आयुष्य वाढवताना या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरांतले, शाळांतले, छोट्या कार्यालयांतले कितीतरी धडधाकट संगणक त्या दिवसापासून जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली जवळजवळ सगळी यंत्रे अधिकृत यादीत बसत नाहीत. तरीही टंकलेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग, अर्ज भरणे अशा कामांसाठी ही यंत्रे आणखी काही वर्षे उत्तम चालू शकतात. पैसा वाया जातो तो दुखणे कुठे आहे हे न पाहता भाग विकत घेतल्यामुळे.

तपासणीआधीच खरेदी

माझ्या परिचयाच्या एका डीटीपी करणाऱ्या गृहस्थांकडे २०१२ मधला डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० आहे. त्यात तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. यंत्र सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात म्हणून दुकानदाराने रॅम वाढवून ८ जीबी करून दिली, पण वेळ होता तेवढाच राहिला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून मी टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा मेमरी निम्मी रिकामी होती, प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांच्या वर जात नव्हता आणि डिस्कचा आकडा मात्र शंभरवरून हलत नव्हता.

हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर वाचनाचे टोक योग्य जागी पोहोचायला दर वेळी साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे विखुरलेल्या फायली वाचताना सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचने होतात. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, तीच हजारोंनी होतात. म्हणून डिस्क अडकलेली दिसली तर पहिला खर्च एसएसडीवर करावा, आणि मेमरी नेहमीच्या कामातच ८५-९० टक्क्यांवर जात असेल तर रॅमचा विचार करावा. पंखा जोरात फिरत असताना प्रोसेसरचा वेग खाली येत असेल, तर आधी पेटी उघडून धूळ काढावी. पंखा आणि उष्णताशोषकाच्या पात्यांमध्ये बसलेली धूळ काही वर्षांत नमद्यासारखी घट्ट होते, ती वरून ब्रश फिरवून निघत नाही; पंखा सोडवून ती आतून काढावी लागते आणि प्रोसेसरची उष्णता शोषकाकडे पोहोचवणारी, पण सुकून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते.

मरणाऱ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल

एसएसडी आणल्यावर बहुतेक जण जुन्या डिस्कची क्लोनिंगने नक्कल करायला बसतात. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती पाहणे अत्यावश्यक आहे. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि विशेषतः 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या, डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि संशयास्पद जागा मोजणाऱ्या ओळींसमोर शून्याऐवजी आकडा असेल आणि तो दिवसागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कला काहीही अवघड काम सांगू नये. वर उल्लेखलेल्या यंत्रात हा आकडा शून्य नव्हता. रॅम बदलली गेली तेव्हा डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि ते कोणी पाहिलेच नव्हते. अशा वेळी आधी सर्वांत महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मग बाकीच्या. डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र मांडणे) किंवा संपूर्ण पृष्ठभाग तपासणारी चेक-डिस्क चालवून तिचा उरलासुरला श्वास खर्च करू नये. एसएसडीवर प्रणाली नव्याने बसवणे हाच माझ्या मते चांगला मार्ग आहे, कारण दहा वर्षांचा साचलेला कचरा नकलेबरोबर नव्या घरात येतो.

यंत्रावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) किंवा मदरबोर्डमध्ये हात घालण्यापूर्वी तो थांबवावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही माहिती हाती लागत नाही.

भाग बसतो, पण चालत नाही

एसएसडी घेताना एनव्हीएमई या नव्या, अधिक वेगवान प्रकाराचा मोह होतो. २०१२-१३ च्या सुमाराच्या बहुतेक मदरबोर्डचा बायोस एनव्हीएमईवरून यंत्र सुरूच करू शकत नाही. तिथे हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीला लागणारी अडीच इंची साटा एसएसडी हाच सरळ उपाय आहे. त्या पिढीच्या मदरबोर्डवरील क्यू७७ या मुख्य चिपसंचावर (चिपसेट) सहापैकी दोनच साटा जोडण्या सेकंदाला ६ गिगाबिट वेगाच्या असतात, म्हणून एसएसडी त्यांपैकी एकीला लावावी. चुकून संथ जोडणीला लागली तरी फार वाईट वाटून घेऊ नये, कारण रोजच्या वापरात जाणवणारा फरक मुख्यतः तबकडी जाण्यामुळे पडतो.

रॅमच्या बाबतीत चुका अधिक होतात. डीडीआर३ या पिढीच्या रॅमला १.५ व्होल्ट आणि तिच्याच डीडीआर३एल या कमी व्होल्टच्या प्रकाराला १.३५ व्होल्ट लागतात, १.५ व्होल्टच्या जागी डीडीआर३एल चालते, परंतु केवळ १.३५ व्होल्टसाठी बनवलेल्या चौथ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ चालत नाही. पुढच्या पिढीच्या डीडीआर४ ची खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे ती बसतच नाही, जोर लावला तर स्लॉट मात्र मोडतो. डेस्कटॉपसाठी फारच स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात आणि इंटेलच्या यंत्रात टाकल्यावर पडदा काळाच राहतो, म्हणून विक्रेत्याचे वर्णन अखेरच्या ओळीपर्यंत वाचावे. एका ८ जीबीच्या पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या बऱ्या, आणि ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम निरुपयोगी ठरते.

वीजपुरवठ्याची पेटी बदलण्याआधी जोडणी पाहावी. ऑप्टिप्लेक्स ७०१० ला नेहमीची २४ पिनांची जोडणी आहे; त्याच घराण्यातल्या ९०२० ला ८ पिनांची वेगळी जोडणी लागते आणि बाजारातला साधा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) तिथे लागत नाही.

यंत्र सुरू करताना दर वेळी तारीख मागे जात असेल, संकेतस्थळे सुरक्षा-प्रमाणपत्राची तक्रार करत असतील, तर विंडोज पुन्हा बसवू नये; मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल बदलावा. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

प्रणाली बदलताना मराठी फायलींचा विसर

पाठिंबा संपलेल्या विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवणे हा चांगला पर्याय आहे आणि त्यात युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतातले, इनस्क्रिप्ट कळरचनेचे टंकलेखन सहज होते. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-आधारित सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला मजकूर तिथे वाचता येईलच असे नाही आणि त्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (यंत्राला लावायची परवान्याची किल्ली) विंडोजसाठीच बनलेले असतात. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन तपासावे. त्या डीटीपीवाल्या गृहस्थांनी शेवटी जुनी विंडोज ठेवली, पण इंटरनेटची तार काढून टाकली. जुनी पुस्तके तिथे उघडतात आणि नवे काम दुसऱ्या यंत्रावर युनिकोडमध्ये होते.

खर्च न करण्याची वेळ

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील किंवा यंत्र इंटेलच्या फार जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरच्या काळातले असेल, तर त्यात नवा पैसा घालू नये. ज्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची साठवण मदरबोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते, तिथे बहुधा बदलण्यासारखे काही नसते. लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र लगेच बंद करावे, बॅटरी दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये.

काढलेली जुनी हार्ड डिस्क भंगारात देताना नुसती 'क्विक फॉरमॅट' केल्याने तिच्यावरचा मजकूर जात नाही. संपूर्ण डिस्कवर एकदा तरी शून्ये लिहून घ्यावीत, आणि डिस्क चालतच नसेल तर तबकडीला ड्रिलने भोके पाडून ती अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावी.