मसाई माराला जाताय? आधी लस, मग लेन्स

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची तिकिटं काढली की बहुतेक जण कॅमेऱ्याच्या लेन्सची चौकशी सुरू करतात. त्याआधी पिवळ्या तापाची लस घ्या. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं; ते नसेल तर थेट विलगीकरणात बसवू शकतात. प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं लस घेतल्यानंतर १० दिवसांनी, आणि ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समजही घरीच ठेवा. मसाई मारा सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे विल्डबीस्ट या हरणवर्गातल्या मोठ्या प्राण्यांचे कळप तिथे असतात त्या दिवसांत, पहाटेच्या उघड्या गाडीत स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात. कपडे खाकी, मातकट रंगाचे बरे. गडद निळ्या-काळ्याकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात, आणि त्यांचा चावा चांगलाच झोंबतो.

नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलोच, तेही मऊ बॅगेत. लाडू-चिवडा जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको. केनियात २०१७पासून त्यांवर बंदी आहे.