भिजवलेल्या वाटाण्यांचा घन

चौथीला घनाकृती शिकवायच्या आदल्या रात्री मी दोन मुठी पांढरे वाटाणे भिजत घालते. सकाळी निथळून फडक्यावर पसरायचे. ओले राहिले तर काडी सटकते, जास्त भिजले तर वाटाणा दुभंगतो. प्रत्येक जोडीला 8 वाटाणे आणि 12 टूथपिक मोजून द्या. "घन करा," एवढंच सांगा.

मुलं आधी चौरस करतात. तो हमखास कलंडतो आणि तिरका समभुज चौकोन होतो. इथे मध्ये पडू नका. बाजू तेवढ्याच आहेत, मग बदललं काय? "कोपरे वाकडे झाले," हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग त्रिकोण करून दाबायला सांगा. हलत नाही! शाळेला पत्र्याचं छप्पर असेल तर लगेच वर बघायला लावा, कैचीत त्रिकोणच त्रिकोण.

आता शब्द द्या: वाटाणा म्हणजे शिरोबिंदू, काडी म्हणजे कड. पृष्ठांसाठी मात्र हा सांगाडा कुचकामी. मी एकदा काडेपेटीची खोळ दाखवली, तर एक पोरगी म्हणाली, "बाई, हिला चारच पृष्ठं!" बरोबरच होतं तिचं, दोन्ही टोकं उघडी. तेव्हापासून साबणाचा बंद खोका घेते. कडांवर कापून तो सपाट उलगडला की घडण तयार. घनाच्या वेगवेगळ्या घडणी 11 निघतात. वर्गात चार-पाच सापडल्या तरी पुष्कळ.

वृत्तचिती शेवटी घ्या. पावडरचा डबा लोळवा आणि शिरोबिंदू शोधायला लावा. मुलं बराच वेळ शोधतात.